यंत्र बरोबर आहे

सोमवार, २ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रोज नोंद ठेवायला सांगितली आहे. किती सिगारेटी ओढल्या, तलफ दहापैकी किती, आणि शेवटी शेरा. त्यासाठी त्यांनी छापील कागद दिला, पण त्यातला शेऱ्याचा रकाना जेमतेम बोटभर रुंद आहे. त्यांना दाखवायला तो कागद भरीन. ही वही माझी.

मुलीने परस्पर नंबर लावला होता. गेल्या रविवारी तिने गॅलरीतल्या कुंडीत काडी घालून उकरलं आणि एकोणचाळीस थोटकं मोजली. म्हणाली, "बाबा, यात झाड होतं ना?" झाड सप्टेंबरातच वाळलं. तिची आई ऑगस्टच्या शेवटी गेली, त्यानंतर पाणी घालायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. मुलगी म्हणाली, "मला आता माहेरचं एकच माणूस उरलंय आणि तेही धुरात नीट दिसत नाही." गेलो.

डॉक्टर तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक लहानसं यंत्र हातात दिलं. श्वास रोखायचा आणि मग त्यात फुंकायचं. छातीत धुराचा विषारी वायू किती आहे त्याचा आकडा येतो. मी वजनं तपासतो. दुकानांतली, कारखान्यांतली वजनं आमच्या प्रयोगशाळेत येतात, मी ती प्रमाण वजनाशी ताडून दाखला देतो. बारीक काट्यावर वजन ठेवताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर श्वासाच्या वाऱ्याने पारडं हलतं. तीस वर्षं हेच काम आहे. त्यामुळे रोखा म्हटल्यावर रोखला. डॉक्टर संगणकावर काहीतरी लिहीत होत्या. मिनिटभराने त्यांनी वर पाहिलं आणि ओरडल्याच, "अहो काका, सोडा! पंधरा सेकंद पुरे होते!"

आकडा चोवीस. मी विचारलं, यात चूक किती धरायची? त्या म्हणाल्या, "कसली चूक?" मी म्हटलं, यंत्र थोडं इकडेतिकडे दाखवतं ना. त्या म्हणाल्या, "काका, चोवीस म्हणजे तुम्ही गिरणीची चिमणी आहात. इकडेतिकडे धरून काही फरक पडत नाही." यंत्राच्या पाठीवर तपासणीची चिठ्ठी होती ती वाचली. मुदत ऑक्टोबरपर्यंत, सही नीट, शिक्का सरळ. चांगलं यंत्र आहे.

गोळ्या बारा आठवडे, चौथ्या दिवसापासून सकाळ-रात्र एकेक. पहिला आठवडा ओढत राहायचं, मग ठरल्या दिवशी बंद. दिवस १० तारीख ठरला. मळमळेल, आणि स्वप्नं जरा ठळक पडतील, म्हणाल्या. मी सांगितलं, मला स्वप्नं पडत नाहीत.

सिगारेटी १५. तलफ ८.

बुधवार, ४ फेब्रुवारी

गोळी काहीतरी खाऊन झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. आज घाईत रिकाम्या पोटी घेतली. दहा वाजता पन्नास ग्रॅमचं वजन चिमट्यात धरलेलं असताना पोट ढवळून आलं. वजन पेटीत ठेवलं, काट्याचं दार लावलं, नोंदवहीत वेळ लिहिली आणि मग बाहेर धावलो. क्रम चुकला नाही. अंतर चुकलं, मोरीपर्यंत पोचलो नाही.

व्हरांड्यात नेमका इंजिन उभा होता. इंजिन पॅकिंग विभागात आहे. वीस वर्षं आम्ही दोघं पाण्याच्या टाकीमागे ओढतो. त्याचं नाव तिथूनच पडलं. मला तो मिलिग्रॅम म्हणतो.

"काय मिलिग्रॅम, गोड बातमी का?"

मी गोळ्यांचं सांगितलं. तो इतका हसला की खोकल्याने खाली बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "गोळीने सिगारेट सुटणार. बरं. आणि गोळी कशाने सुटणार?"

मी म्हटलं, बारा आठवड्यांनी ती आपोआप बंद होते.

"आपोआप काही बंद होत नसतं," असं म्हणून त्याने दुसरी पेटवली. एक मलाही दिली. या आठवड्यात परवानगी आहे.

सिगारेटी ११. तलफ ७. गोळी उलटून पडली, सिगारेट उलटून पडत नाही, म्हणून सगळ्या धरल्या आहेत.

रविवार, ८ फेब्रुवारी

मुलगी दर रविवारी जेवण घेऊन येते. आजही रस्सा पिशवीत सांडलेला होता. तिच्या डब्याचं झाकण डब्यापेक्षा मोठं आहे, नुसतं वर टेकलेलं असतं. हिसका बसला की निसटतं. मी दर वेळी पाहतो, बोलत नाही. हल्लीच्या पोरांना मापाचं काही पडलेलं नसतं.

मोठ्या डब्याचं झाकण माझ्याकडेही सापडत नाहीये, तिची आई गेल्यापासून. ताट झाकतो.

डॉक्टरांनी विचारलं होतं की दिवसातली कुठली सिगारेट सोडणं सगळ्यात जड जाईल. मी "संध्याकाळची" एवढंच सांगितलं. लिहून ठेवतो. कामावरून आलो की साडेसहाला गॅलरीत उभा राहून एक ओढायची. ती आत स्टुलावर बसून निवडणं-टिपणं, शिवण, काहीतरी करायची. धूर आत येऊ नये म्हणून खिडकी लावायची, पण चार बोटं उघडी ठेवायची. त्या फटीतून दिवसभराचं सगळं बोलून व्हायचं. मी रस्त्याकडे बघून बोलायचो, ती हातातल्या कामाकडे बघून. मुलीचं लग्न तिथेच ठरलं. एक सिगारेट सात मिनिटं चालते. मोठा विषय असला की दोन लागायच्या.

इस्पितळात गॅलरी नव्हती. चार दिवस समोरासमोर बसून आम्हाला काही बोलणं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, खाली जाऊन एक ओढून या." मी शहाण्यासारखा गेलो नाही.

सिगारेटी ९. तलफ ६.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बंद. सिगारेटी ०. तलफ १०. रकान्यात दहाच्या पुढे जागा नाही.

साडेसहाला पेन्सिल घेऊन गॅलरीत उभा राहिलो. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी हात केला. मीही पेन्सिलीने केला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

एकच वजन सहा वेळा तपासलं. सहाही वेळा बरोबर आलं, त्याचा राग आला. पंख्याला "गप बस" म्हणालो. साहेब दारात होते. त्यांना वाटलं त्यांनाच म्हणालो. ते गप्प बसले.

सिगारेटी ०. तलफ ९.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पहाटे ती आली.

स्वयंपाकघरात उभी होती, पदर खोचलेला. म्हणाली, "अहो, मोठ्या डब्याचं झाकण कुठे ठेवलंत?" मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, "तुम्हाला घरातलं कधी काय माहीत असतं!" एवढंच. जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते.

तिच्या नाकावर घाम होता. सहा महिने मला तिचा चेहरा आठवायचा तो भिंतीवरच्या फोटोतला. फोटोत नाकावर घाम नाही. नाकावर घाम येतो हे मी विसरूनच गेलो होतो.

सिगारेटी ०. तलफ विसरलो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पुन्हा आली. या वेळी आमच्या प्रयोगशाळेत. सरळ मोठ्या काट्याच्या पारड्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "बघा, किती उतरलेय." काटा शून्यावर. मी म्हटलं, आधी चपला काढ. ती म्हणाली, "शून्यातून चपला काढल्या तर उणे येईल. कळतं मला."

जाता जाता म्हणाली की झाकण कपाटामागे आहे.

आज कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कपाट सरकवलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भूकंप समजून वर आले. त्यांनीच मग कपाट परत ढकलायला मदत केली. कपाटामागे झाकण नव्हतं. एक लायटर होता आणि माझा एक मोजा. तिला जिवंतपणीही कुठली वस्तू कुठे ठेवली ते कधी बरोबर सांगता आलं नाही. तेव्हा आलेली तीच होती, याबद्दल मला शंका उरली नाही.

सिगारेटी ०. तलफ ४.

सोमवार, २ मार्च

डॉक्टरांकडे. श्वास पंधरा सेकंदच रोखला. आकडा दोन. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर बसलेल्या पेशंटनी काय वाटून घेतलं असेल कोण जाणे.

"स्वप्नं पडतात का?"

"पडतात."

"त्रास होतो?"

"नाही."

"झालाच तर रात्रीची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. लवकर घेतली की स्वप्नं कमी होतात."

लवकर घेतली की कमी. हे त्यांनी आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

रविवार, १५ मार्च

तेरा दिवसांच्या नोंदी नीट मांडल्या:

रात्रीची गोळी सातला: पाठमोरी दिसली, बोलली नाही.
आठला: बोलली, पण शेजारच्या खोलीतून. शब्द कळले नाहीत.
नऊला: समोर. आवाज स्वच्छ.
साडेनऊला, आणि लगेच आडवं झाल्यास: समोर, आवाज स्वच्छ, शिवाय माझ्याशी भांडली.

प्रत्येक वेळ तीनदा तपासली आहे. साडेनऊची नोंद चारदा. यापुढे साडेनऊ.

आज दुपारीही झोपून पाहिलं. दुपारी कुणी येत नाही. मुलगी आली ती दार वाजवून थकली. रस्सा पिशवीत.

"बाबा, दुपारी झोपता तुम्ही? तुम्ही?"

"जरा डोळा लागला."

"आणि परवा साडेनऊला फोन केला तर उचलला नाहीत. हे बरं लक्षण नाही. त्या गोळ्यांनी मन खचतं म्हणे, कागदावर लिहिलंय. खरं सांगा, उदास वाटतं का?"

मी म्हटलं, उलट. तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, उलट म्हणायला नको होतं. जाताना गोळ्यांच्या पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागद वाचायला घेऊन गेली.

मंगळवार, २४ मार्च

आज ती गॅलरीत उभी होती आणि मी आत स्टुलावर. खिडकी चार बोटं उघडी. ती सिगारेट ओढत होती. सराईत. राख कुंडीत झाडत होती.

मी म्हटलं, "तू कधीपासून?"

"तुम्ही सोडलीत ना. घरात अर्धं पाकीट पडलं होतं. वाया घालवायचं का?"

"अगं, तब्येतीला वाईट असते."

"आता काय होणारेय मला," ती म्हणाली आणि हसायलाच लागली. मलाही हसू आलं. हसण्यानेच जाग आली. मग धूर कोंडू नये म्हणून उठून खिडकी पूर्ण उघडली. धूर नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

सिगारेटी माझ्या ०.

सोमवार, ६ एप्रिल

गोळ्या मोजल्या. सव्वीस तारखेला रात्री शेवटची. त्यापुढे काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं, कारण तेव्हा पुढे काही असेल असं वाटलंच नव्हतं.

औषधाच्या दुकानात गेलो. रिकामं पाकीट पुढे ठेवून म्हटलं, हे आणखी द्या.

दुकानदार म्हणाले, "चिठ्ठी?"

"संपली."

"काका, सुटली ना तुमची? मग आता कशाला? लोक उरलेल्या परत घ्या म्हणून येतात माझ्याकडे, आणखी द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

मागे रांग होती. मी खोकल्याचं औषध घेऊन आलो. खोकला तर गेलाय.

शुक्रवार, १० एप्रिल

इंजिनला टाकीमागे गाठलं. हल्ली तो तिथे कमी दिसतो. पॅकिंगमध्ये काम वाढलंय म्हणतो. आज नुसता उभा होता, दातात काडी धरून.

मी सहज विचारावं तसं विचारलं, बारा आठवड्यांत ज्याची सुटत नाही त्याचं काय करतात?

"त्याला आणखी बारा आठवडे देतात."

"तुला कसं माहीत?"

"ऐकलंय," तो म्हणाला आणि घाईघाईने आत गेला.

म्हणजे ज्याची सुटली त्याची गोळी बंद, आणि ज्याची नाही सुटली त्याला आणखी बारा आठवडे. माझी दोन महिन्यांपूर्वीच सुटली. घाई झाली म्हणायची.

मंगळवार, १४ एप्रिल

छापील कागद भरायला बसलो. २ मार्चनंतर सगळीकडे शून्य होतं. नवा कागद घेऊन एक एप्रिलपासून रोज चार सिगारेटी लिहिल्या. मग थांबलो. खोटी नोंद सगळी एकसारखी येते आणि तिथेच पकडली जाते, हे मला कामामुळे माहीत आहे. किती तरी दुकानदारांची अशी नोंद मी नामंजूर केली आहे. म्हणून तिसरा कागद घेतला. एक दिवस तीन, एक दिवस पाच, शनिवारी सहा, मध्ये एका दिवशी पेनाची शाई बदलली. कागद इतका चांगला झाला की मीच त्यावर दाखला दिला असता.

तीस वर्षांत पहिल्यांदा. तळव्यांना घाम आला होता, कागदावर एक डाग पडला. डागाने तो आणखीच खरा वाटतो.

शनिवार, १८ एप्रिल

कागद कितीही चांगला असला तरी यंत्र आहेच. ते काही कागद वाचत नाही. म्हणून ठरवलं, निदान आकडा तरी यावा. एक सुटी सिगारेट आणली. साडेसहाला गॅलरीत पेटवली. कपाटामागचा लायटर उपयोगी पडला.

दोन झुरके घेतले. चव ओल्या पुठ्ठ्याची. सवयीने खिडकीकडे वळून "आज काय झालं माहितीये" एवढं म्हणालो. खिडकी बंद होती.

विझवली. तिसरा झुरका घेतला नाही. सिगारेटी: ० लिहू की ०.२? ०.२ लिहितो.

सोमवार, २० एप्रिल

आज सगळं क्रमाने लिहितो.

दवाखान्याची वेळ साडेपाचची. आधी बसथांब्यावर उतरून, उभ्या बसच्या मागे, धुराच्या नळीकडे तोंड करून वीस मिनिटं काढली. तीन बस झाल्या. खोल श्वास घेत होतो. कंडक्टरने दोनदा विचारलं, "काका, चढायचंय का?" तिसऱ्या बसचा कंडक्टर खाली उतरून "बरं वाटत नाही का?" म्हणाला आणि मला बाकावर बसवून पाणी दिलं. माणसं चांगली असतात.

दवाखान्यात इंजिन बसला होता. मला पाहून त्याने तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. उलटं.

मी म्हटलं, "तू इथे?"

"बायकोला दाखवायला आणलंय."

"कुठे आहे ती?"

"घरी."

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. पाच मिनिटांनी बाहेर आला तो वेगळाच माणूस. माझा हात घट्ट धरला. "मिलिग्रॅम, तीन! एकतीस होते, तीन आले! पाच आठवडे झाले. कोणाला सांगितलं नाही, नाही जमलं तर पॅकिंगवाले वर्षभर टिंगल करतील. पण तीन म्हणजे झालंच की रे!" वीस वर्षं मी त्याला ओळखतो. डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं ते खोकल्याने. आज खोकला नव्हता. घरी फोन करायचा म्हणून तो पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला.

मी आत गेलो. कागद पुढे ठेवला आणि म्हणालो, "पुन्हा सुरू झाली. दिवसाला तीन-चार." वाक्य घरी पाठ केलं होतं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. म्हणाल्या, "होतं काका असं. फुंका बघू."

आकडा दोन.

त्यांनी कागद पाहिला, यंत्र पाहिलं. "आज ओढल्यात?"

"तीन."

"परत फुंका."

दोन. तीन बस काही कामाला आल्या नाहीत.

"हे शक्यच नाही," डॉक्टर म्हणाल्या. यंत्र हातात घेऊन त्यांनी ते टेबलावर आपटलं. खरंच आपटलं. "बिघडलंय हे. तरीच आज सकाळपासून सगळ्यांचे आकडे छान येतायत." मग दार उघडून बाहेरच्या बाईंना सांगितलं, "अहो, हे यंत्र परत पाठवा. आणि मघाचे ते गृहस्थ गेले का? तीन आलेले? त्यांना थांबवा. तो आकडा धरू नका म्हणावं. बहुतेक खोटा आहे."

खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. इंजिन फोनवर तीन बोटं नाचवून दाखवत होता. फोनवर बोटं दिसत नाहीत, हे त्याला कोण सांगणार!

मी उभा राहिलो. मला वाटतं माझा आवाज चढला. "यंत्र बरोबर आहे."

"काका, बसा तुम्ही."

"यंत्राच्या पाठीवर चिठ्ठी बघा. मुदत ऑक्टोबरपर्यंत आहे. दोनदा फुंकलं, दोन्ही वेळा एकच आकडा आला. बिघडलेलं यंत्र असं वागत नाही. त्याचा तीनही खरा आहे. त्याला काही सांगू नका. नोंद खोटी आहे. मी दहा फेब्रुवारीपासून ओढलेली नाही." मग "शून्य पूर्णांक दोन सोडून" असंही म्हणालो, कारण सांगायचं तर पूर्ण सांगावं.

डॉक्टरांनी बाहेरच्या बाईंना हातानेच 'राहू द्या' अशी खूण केली आणि त्या म्हणाल्या, "लोक इथे येऊन ओढत नाही असं खोटं सांगतात. ओढतो असं खोटं सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. का पण?"

"गोळ्या आणखी बारा आठवडे मिळतात म्हणून."

त्यांनी कपाळाला हात लावला. "काका! ज्यांची सुटलीये त्यांनाही देतो की आम्ही, सुटलेली टिकावी म्हणून. नुसतं मागायचं होतं. कारण काय लिहू? तलफ येते?"

"नाही."

"मग?"

मी टेबलाकडे बघून सांगितलं, "स्वप्नं पडतात."

"गोळी चालू ठेवली तर ती बंद नाही व्हायची."

"म्हणूनच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोण येतं?"

"आमची मंडळी."

"काय म्हणतात?"

"झाकण शोधतेय."

मग त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. देताना चिठ्ठी जरा धरून ठेवली आणि म्हणाल्या, "घ्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. पण ही गोळी सिगारेटसाठी तपासलेली आहे, काका. तुम्ही ज्यासाठी घेताय त्यासाठी कुणी तपासलेली नाही."

बाहेर इंजिनने विचारलं, "तुझे किती?" मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, "एकाने मागे आहे फक्त," आणि मला बसपर्यंत सोडायला आला.

रविवार, २६ एप्रिल

शेवटचा दिवस. चिठ्ठी सहा दिवस खिशात आहे. दुकानापर्यंत दोनदा जाऊन आलो.

मुलगी दुपारी आली. रस्सा पिशवीत. संध्याकाळपर्यंत थांबली. साडेसहाला मी गॅलरीत गेलो. हातात काही नव्हतं, पेन्सिलही नाही. थोड्या वेळाने मागे खिडकी सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, खरं सांगा, ओढताय?"

"नाही."

तिने फटीला नाक लावून वास घेतला. विश्वास नाही. पण मग खिडकी लावली नाही. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"मग काय करताय?"

"उभा आहे."

"बरं." जरा वेळाने म्हणाली, "तुमच्या त्या मोठ्या डब्यावर ताट का ठेवलंय हो?"

"झाकण हरवलंय. आठ महिने शोधतोय. कपाटसुद्धा हलवून पाहिलं. तुझ्या आईलाही ते—"

थांबलो. आत मुलगी उठली, भांड्यांचा आवाज झाला, आणि "टक्" असा एक आवाज आला. झाकण घट्ट बसल्याचा. तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

"बाबा, हे काय! माझ्या डब्यावर होतं की! मी त्या दिवसांत जेवण आणायची ना, तेव्हाच बदललं असणार. तरीच मेलं माझं सारखं सांडतंय!"

मी तीस वर्षं मापं तपासतो. दर रविवारी ते झाकण माझ्या टेबलावर होतं.

ती परत स्टुलावर बसली. म्हणाली, "आईलाही ते काय?"

मी रस्त्याकडे बघत होतो. सांगितलं सगळं. पारड्यात बसल्याचं, कपाटाचं, साडेनऊच्या गोळीचं. आई सिगारेट ओढत होती हे ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग बराच वेळ नाक ओढल्याचे आवाज येत होते. मी वळून पाहिलं नाही. ती म्हणाली, "माझ्या नाही हो येत स्वप्नात. एकदाही नाही. तुम्ही मला सांगत जा." मी म्हटलं, सांगीन. मग ती स्वतःचं सांगायला लागली. पुष्कळ साठलं होतं तिचं. सिगारेटींच्या हिशेबाने पाच-सहा झाल्या असत्या. रस्त्यावरचे दिवे लागले तरी आम्ही तिथेच होतो.

तिला बसमध्ये बसवून आलो. सिगारेटी ०.

सोमवार, २७ एप्रिल

सकाळी पाहिलं तर पाकिटात एक गोळी उरलेली. कालची, साडेनऊची. विसरलो. बारा आठवड्यांत पहिल्यांदा.

स्वप्न पडलं नाही.

चिठ्ठी या वहीत ठेवली आहे, मागच्या पानात. तिची मुदत महिनाभर आहे.

झाकण सापडल्याचं तिला सांगायचं राहून गेलं, हे कामावर असताना लक्षात आलं. साडेसहाला गॅलरीत गेलो, आधी खिडकी चार बोटं उघडून ठेवली आणि सांगितलं. मुलीकडे होतं म्हटलं. कपाटामागे नव्हतं, हेही सांगितलं.

त्यावर ती काही बोलली नाही. तिची चूक निघाली की ती अशीच गप्प बसायची.